खेळ कुणाचा, किल्ली कुणाकडे?

दिवाळीच्या साफसफाईत आर्वीला बहिणीच्या घरी माळ्यावरच्या एका डब्यात भाच्याचा जुना मोबाइल सापडला. काचेला तडा गेलेला, मागचे झाकण रबर लावून बसवलेले. चार्जरला लावल्यावर तो चक्क सुरू झाला आणि पडद्यावर ‘पबजी मोबाइल लाइट’चे चिन्ह दिसले. भाच्याने त्यावर बोट ठेवले. कंपनीचे नाव आले, ओळखीचे संगीत वाजले आणि मग सर्व्हरशी जोडणी होत नसल्याची सूचना आली. त्याने दोनदा-तीनदा प्रयत्न केला आणि फोन बाजूला ठेवला. “याच्यात आता काही नाही मामा. पण फेकू नका.”

२०२०च्या टाळेबंदीत तो दहावीनंतरच्या सुट्टीत अडकलेला होता. चौघा मित्रांचा गट रोज रात्री जेवणानंतर, रेंज मिळेल त्या गच्चीवर किंवा ओट्यावर बसून या खेळात भेटत असे. चौघे आज चार गावी आहेत. फोन आहे, ॲप आहे, खेळणारेही हयात आहेत. तरी खेळ नाही. मग नेमके गेले काय? आणि जे गेले ते परत आणता येते का?

जगभरात अनेक तरुण या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हाताने शोधत आहेत. बंद पडलेल्या किंवा ओळखू येणार नाही इतक्या बदललेल्या मोबाइल गेमची जुनी आवृत्ती ते चालू करतात आणि त्यासाठी स्वतःचा खासगी सर्व्हर उभा करतात. हे काम कसे चालते, त्यात कायदा कुठे येतो, धोका कुठे आहे आणि साहित्याच्या वाचकाने त्याकडे का पाहावे, याचा विचार या लेखात करायचा आहे.

ॲप म्हणजे खेळ नव्हे

कॅरम बोर्ड बनवणारा कारखाना बंद पडला म्हणून आपल्या घरातला कॅरम थांबत नाही. नोकियाच्या जुन्या फोनवरचा साप अख्खाच्या अख्खा फोनमध्ये राहत असे. फोन चालू तोवर साप चालू. गेल्या पंधरा वर्षांतले बहुतेक लोकप्रिय मोबाइल गेम मात्र दोन तुकड्यांत विभागलेले असतात. एक तुकडा आपल्या हातात असतो. त्यात चित्रे, आवाज, नकाशे, बटणे हे सारे येते. दुसरा तुकडा कंपनीच्या सर्व्हरवर असतो. खेळाडूचे खाते, त्याने कमावलेले सामान, कोणाची कोणाशी गाठ घालायची, कोण जिंकले आणि कोण हरले, या साऱ्याचा निवाडा तिथे होतो.

वर्धेकरांना हे समजावून सांगायला सेवाग्राम पुरेसे आहे. आश्रमात बापूंच्या दफ्तरात एक टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून तो बसवला होता, असे तिथे सांगतात. फोन आजही जागेवर आहे, पण पलीकडे कोणी नाही. यंत्र शाबूत असून संभाषण संपले आहे. सर्व्हर गेलेल्या गेमचे असेच होते.

हा सर्व्हर हवेत नसतो, कुठल्या तरी इमारतीत असतो. पनवेलला हिरानंदानी समूहाच्या योट्टा कंपनीचे मोठे डेटा सेंटर २०२० मध्ये सुरू झाले. ‘फ्री फायर इंडिया’ या खेळाची घोषणा २०२३ मध्ये झाली, तेव्हा त्याचे सर्व्हर सांभाळण्याचे काम याच कंपनीकडे देण्यात आले होते. तो खेळ ५ सप्टेंबरला येणार होता. तो पुढे ढकलला गेला. खेळण्याची जागा, ती उघडण्याची तारीख आणि ती न उघडण्याचा निर्णय या तिन्ही गोष्टी खेळाडूच्या हाताबाहेर असतात, हे यातून दिसते.

खेळ जाण्याच्या तीन तऱ्हा

खेळ बंद झाला, असे आपण सरसकट म्हणतो. खरे तर तो तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी जातो आणि प्रत्येक वेळी प्रश्न वेगळा असतो.

पहिली तऱ्हा सरकारी बंदीची. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ ॲपवर बंदी घातली. पबजी मोबाइल आणि पबजी मोबाइल लाइट त्यात होते. ३० ऑक्टोबरला भारतातल्या खेळाडूंसाठी सर्व्हर बंद झाले. पुढे २ जुलै २०२१ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा त्याचा भारतीय अवतार आला. तोही जुलै २०२२ मध्ये दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५४ ॲपवर बंदी आली, तेव्हा ‘फ्री फायर’ गेला. या हिशेबात लाइट आवृत्तीचे दुःख वेगळे आहे. ती कमी रॅमच्या, स्वस्त फोनसाठी होती. मोठा खेळ नव्या नावाने परत आला, लाइट आला नाही. ज्याच्याकडे चांगला फोन होता त्याला त्याची जागा परत मिळाली. आर्वीच्या गच्चीवर भावाचा जुना फोन घेऊन बसणाऱ्याला ती मिळाली नाही.

दुसरी तऱ्हा मालकाने कुलूप लावण्याची. उत्पन्न घटले की कंपनी सर्व्हर बंद करते. निन्टेन्डो आणि सायगेम्स यांचा ‘ड्रॅगालिया लॉस्ट’ हा मोबाइल गेम सप्टेंबर २०१८ मध्ये आला आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजी बंद झाला. त्यात पैसे घालून जमवलेली पात्रे त्या दिवशी सर्वांच्या फोनवरून एकदम निरुपयोगी झाली.

तिसरी तऱ्हा सर्वांत गुपचूप आहे. खेळ चालूच राहतो, पण अपडेट होत होत दुसराच होतो. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा ‘क्लॅश रॉयल’ मार्च २०१६ मध्ये आला. पुढे त्यात नवी पत्ती येत गेली. पत्तीची कमाल पातळी २०२१ मध्ये १४ आणि २०२२ मध्ये १५ झाली. २०२३ मध्ये ‘इव्होल्यूशन’ नावाचा नवा थर आला. ज्याने वर्षानुवर्षे खेळून सारे कमावले होते, त्याची शिडी प्रत्येक वेळी उंच होत गेली. पुस्तकाची नवी आवृत्ती आली तरी जुनी आपल्या कपाटात राहते. इथे नवी आवृत्ती येते ती जुनी पुसूनच, कारण सर्व्हर जुन्या ॲपला आत घेत नाही. फोन जुना असेल आणि नवे अपडेट त्यात मावत नसेल, तर खेळाडू आपोआप बाहेर पडतो. म्हणून जुन्या आवृत्तीची ओढ ही नेहमीच स्मरणरंजनाची नसते. कित्येकदा ती खिशाची अडचण असते.

सर्व्हर पुन्हा कसा बांधतात?

चाहत्यांच्या हाती सुरुवातीला फक्त जुने ॲप असते. कोणाच्या तरी मेमरी कार्डात राहिलेली त्याची एपीके फाइल हे या संशोधनातले पहिले हस्तलिखित समजावे. त्या फाइलमध्ये चित्रे आणि आवाज असतातच, शिवाय अनेक खेळांत साध्या तक्त्यांच्या स्वरूपात बरीच माहिती असते: कोणत्या इमारतीला किती सोने लागते, कोणता सैनिक किती मार सहन करतो.

दुसरी पायरी संभाषण ऐकण्याची. ॲप सर्व्हरला काय विचारते आणि सर्व्हर काय उत्तर देतो, याची नोंद खेळ चालू असतानाच करून ठेवावी लागते. हे संदेश सांकेतिक लिपीत बांधलेले असतात. ती लिपी उलगडून कोणत्या क्रमांकाचा संदेश म्हणजे ‘मी आलो’ आणि कोणता म्हणजे ‘हल्ला सुरू’ हे एकेक करून ओळखले जाते. तिसऱ्या पायरीवर ॲपमधला कंपनीचा पत्ता बदलून आपल्या संगणकाचा पत्ता घालतात. चौथ्या पायरीवर स्वतःचा प्रोग्रॅम लिहितात. ॲपने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तो मूळ सर्व्हरसारखे उत्तर देतो. ॲपला आपण कोणाशी बोलतो आहोत हे कळत नाही. उत्तर ठरलेल्या रीतीने आले की ते पडदा उघडते.

प्रत्येक खेळ असा जिवंत होत नाही. आपले गाव वसवायचे, भिंती वाढवायच्या, अशा खेळात सर्व्हरचे बरेचसे काम वहीखात्याचे असते. ते पुन्हा लिहिता येते. पबजी मोबाइल लाइटमध्ये मात्र ६० खेळाडू एकाच वेळी एका बेटावर उतरत. प्रत्येकाची हालचाल आणि प्रत्येक गोळी यांचा मेळ सर्व्हर क्षणोक्षणी घालत असे. तो प्रोग्रॅम कंपनीच्या इमारतीबाहेर कधीच आला नव्हता. म्हणून खेळाचा जितका भाग मालकाच्या घरी, तितके त्याचे पुनरुज्जीवन अवघड.

जे सापडत नाही ते अंदाजाने भरावे लागते. पेटीतून दुर्मीळ पात्र निघण्याची शक्यता किती होती, प्रतिस्पर्धी कोणत्या हिशेबाने निवडला जाई, हे सर्व्हरने कधी कोणाला सांगितलेले नसते. जुने व्हिडिओ आणि जुन्या खेळाडूंच्या आठवणी लावून चाहते ते ठरवतात. पोथीतल्या फाटलेल्या पानांच्या जागी पाठ सुचवणाऱ्या संपादकाचेच हे काम आहे आणि त्यातले वादही त्याच जातीचे असतात.

मालकांनी काय केले?

या धडपडीचा सर्वांत गाजलेला दाखला संगणकावरच्या खेळाचा आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचे मूळ रूप जपणारा ‘नोस्टॅल्रियस’ हा चाहत्यांचा सर्व्हर फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाला. ब्लिझर्ड कंपनीच्या वकिलांचे पत्र आल्यावर तो एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. त्या वेळी त्यावर दीड लाख सक्रिय खेळाडू असल्याचे चालकांनी सांगितले होते. तो परत यावा म्हणून दोन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच ‘क्लासिक’ नावाने जुना खेळ पुन्हा उघडला. ज्यांना बंद केले, त्यांनीच बाजारपेठ दाखवून दिली होती.

जॅगेक्स या ब्रिटिश कंपनीने भांडण होऊ दिले नाही. तिच्याकडे ‘रूनस्केप’ खेळाची ऑगस्ट २००७ ची एक प्रत शिल्लक होती. २०१३ मध्ये तिने खेळाडूंचे मत घेतले; सुमारे साडेचार लाख मते पडली आणि ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ सुरू झाला. २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला आणि आजही चालू आहे. निन्टेन्डोने ‘ॲनिमल क्रॉसिंग : पॉकेट कॅम्प’ या मोबाइल गेमचे सर्व्हर नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद केले, पण लगेच डिसेंबरमध्ये सर्व्हरशिवाय चालणारी, एकदाच विकत घेण्याची आवृत्ती दिली. जुन्या खेळाडूंना आपली जमवाजमव तिथे नेता आली. त्याच निन्टेन्डोच्या ‘ड्रॅगालिया लॉस्ट’ला हे भाग्य लाभले नाही, तो आज चालतो तो चाहत्यांनी लिहिलेल्या सर्व्हरवर. ‘क्लॅश रॉयल’नेही २०२५ मध्ये ‘रेट्रो रॉयल’ नावाने काही दिवसांपुरता जुना काळ परत आणला.

म्हणजे सोय अशक्य आहे असे नाही. ती करायची की नाही, हे एकट्या मालकाच्या मर्जीवर आहे, एवढाच मुद्दा आहे.

कायद्याच्या नजरेतली ‘साहित्यकृती’

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम २(ओ) प्रमाणे, संगणक-प्रोग्रॅम ही ‘साहित्यकृती’ आहे. कादंबरी आणि गेमचा प्रोग्रॅम कायद्याच्या एकाच कप्प्यात बसतात. त्यामुळे कंपनीच्या परवानगीवाचून तिचे ॲप बदलून वाटणे हे सकृद्दर्शनी हक्कभंगच आहे, जुने असो वा नवे. खेळ बंद पडला म्हणून हक्क संपत नाही.

तरी कायदा अगदी बंदिस्त नाही. कलम ५२ मध्ये दोन फटी आहेत. कायदेशीरपणे प्रोग्रॅम वापरणाऱ्याला, आपण स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळावा म्हणून, इतरत्र सहज न मिळणारी आवश्यक माहिती काढून घेता येते. प्रोग्रॅम कसा चालतो याचे निरीक्षण आणि अभ्यासही करता येतो. २०१२ मध्ये आलेले कलम ६५-अ तांत्रिक कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते, पण हक्कभंगाच्या हेतूने ते तोडले असेल तर. या तरतुदी वाचता असे वाटते की, स्वतःचा सर्व्हर लिहिणे आणि कंपनीचे बदललेले ॲप हजारोंना वाटणे या दोन कृतींत फरक करायला जागा आहे. अमेरिकेत ब्लिझर्डनेच जुळणारा सर्व्हर लिहिणाऱ्या तरुणांवर खटला भरला होता आणि २००५ मध्ये तिथले अपिली न्यायालय कंपनीच्या बाजूने उभे राहिले, हेही विसरता येत नाही.

ग्रंथालयांची अवस्था अधिक विचित्र आहे. कलम ५२ मध्येच सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृतीची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा आहे. अट अशी की, ग्रंथालयाकडे तिची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून हवी. मोबाइल गेमची डिजिटल नसलेली प्रत कुठून आणायची? पुस्तके राष्ट्रीय ग्रंथालयाकडे जमा करण्याचा कायदा १९५४ चा आहे. या नव्या ‘साहित्यकृती’साठी तसा कोणताही नाही.

युरोपात हा प्रश्न आता रस्त्यावर आला आहे. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ हा विकत घेतलेला खेळ मार्च २०२४ अखेर बंद केल्यावर, खेळ बंद करताना तो चालवता येईल अशा स्थितीत सोडावा, या मागणीसाठी मोहीम उभी राहिली. युरोपीय संघाकडे करायच्या तिच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या.

सरकारी बंदीचा प्रश्न मात्र यात मिसळू नये. मालकाने टाकून दिलेली वस्तू उचलणे वेगळे आणि आदेश चुकवण्यासाठी आडवाट काढणे वेगळे. बंदी चूक वाटत असेल, तर ती लढाई न्यायालयात आणि सार्वजनिक चर्चेत लढायची असते.

पुनरुज्जीवन आणि नुसती लूट

खासगी सर्व्हरच्या नावाखाली जे चालते ते सारे गौरवण्याजोगे नाही. अनेक सर्व्हर ‘अमर्याद रत्ने, अमर्याद सोने’ अशी जाहिरात करतात. तिथे जुना खेळ मिळत नाही, नियम काढून टाकलेला खेळ मिळतो. गंमत अशी की, सारे फुकट मिळाले की कंटाळाही फार लवकर येतो. भिंत वाढवायला चार दिवस थांबावे लागत होते म्हणून त्या भिंतीचे अप्रूप होते.

धोका याहून गंभीर आहे. प्ले स्टोअरबाहेरची एपीके टाकण्यासाठी फोनची एक सुरक्षा आपण आपल्या हाताने काढतो. ती फाइल कोणी बदलली, त्यात आणखी काय घातले, हे पाहणारा कोणी नसतो. आपल्याकडे त्याच फोनवर बँकेचे ॲप, यूपीआय आणि आईच्या खात्याचा ओटीपी असतो. ॲप संपर्क किंवा संदेश वाचण्याची परवानगी मागत असेल, खऱ्या खात्याचा पासवर्ड विचारत असेल किंवा रत्नांसाठी पैसे मागत असेल, तर तिथेच थांबावे. घरातल्या मुलांना ‘खेळू नको’ म्हणण्यापेक्षा हे तीन प्रश्न विचारायला शिकवणे अधिक उपयोगी.

आणि सर्व्हर चालवणारा चाहता हाही शेवटी एक मालकच असतो. त्याची परीक्षा आली, नोकरी लागली, भाड्याचे पैसे संपले की दुसऱ्यांदा कुलूप पडते. या वेळी तक्रार करायलाही कोणी नसते.

जपायचे ते काय?

‘असल्या खेळांचे कसले जतन?’ असे म्हणणारे वाचक असतील. चित्रपटाबद्दलही एकेकाळी असेच म्हटले जाई. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची, १९१३ च्या त्या पहिल्या चित्रपटाची, आज पहिली आणि शेवटची रिळे तेवढी उपलब्ध आहेत आणि तीही १९१७ मध्ये त्यांनी पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत, असे अभ्यासक मानतात. ‘आलम आरा’ची एकही प्रत सापडत नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले ते १९६४ मध्ये, पहिल्या चित्रपटानंतर अर्ध्या शतकाने. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून डबे गोळा केले म्हणून जे उरले ते उरले. मोबाइल गेमच्या बाबतीत आपण अजून १९६४ च्या आधीच्या काळात आहोत. मुंबईची इंडियागेम्स ही कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली, बटणांच्या फोनसाठी तिने कितीतरी खेळ केले, पुढे ती डिस्नेकडे गेली आणि डिस्नेने भारतातला तो व्यवसाय २०१६ मध्ये गुंडाळला. त्या खेळांचा संग्रह करणारी सार्वजनिक संस्था आपल्याकडे नाही.

पण चित्रपटाशी तुलना एका टप्प्यापर्यंतच जाते. सापडलेले रीळ एकट्याने पाहता येते. सर्व्हरवरचा खेळ हा पारावरच्या बैठकीसारखा आहे. पार पुन्हा बांधता येतो, बसणारे कुठून आणायचे? चाहत्यांचा सर्व्हर जागा परत देतो, काळ देत नाही. तरीही जागा परत मिळणे क्षुल्लक नाही. जागा असली की चार गावी गेलेले चौघे वर्षातून एकदा, समजा दिवाळीच्या सुट्टीत, तिथे भेटू शकतात. जागाच नसली तर भेटायचे कुठे, हा प्रश्नही कोणी विचारत नाही.

म्हणून मागणी फार मोठी नाही. खेळ कायम चालवा, असे कोणी म्हणत नाही. बंद करताना सर्व्हरशिवाय चालणारी एक प्रत द्या. ते जमत नसेल, तर पैसे न कमावता तो चालवणाऱ्यांच्या वाटेत येऊ नका. आणि एखाद्या सार्वजनिक संस्थेला एक संपूर्ण प्रत, दोन्ही तुकड्यांसह, जतनासाठी द्या. यातले पहिले कंपन्यांनी करून दाखवलेच आहे. तिसऱ्यासाठी आपल्याला कायद्यातली एक ओळ बदलावी लागेल.

भाच्याचा फोन आम्ही फेकला नाही. त्यातला खेळ पुन्हा सुरू होईल अशी त्याचीही समजूत नाही. डब्यात परत ठेवण्याआधी त्याने एकच गोष्ट केली. सर्व्हरशी जोडणी नसल्याच्या त्या सूचनेचा नव्या फोनने फोटो काढला आणि तिघांना पाठवला. तासाभरात तिघांचीही उत्तरे आली.